थकीत पुस्तकांची यादी व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडली आणि एक सभासद गेली

पिंपळपान (धागाकर्ती)

तालुक्याच्या गावातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात मी एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आधी मागच्या महिन्यात घडलेलं सांगते, प्रश्न नंतर.

आमच्या सभासदांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. नवी पुस्तकं आली, व्याख्यान ठरलं, दिवाळी अंकांची योजना सुरू झाली की तिथे कळवतो. दोन वर्षांपूर्वी देवघेव संगणकावर नेली. त्यात 'थकीत' असं बटण आहे. दाबलं की यादी निघते: सभासद क्रमांक, नाव, मोबाइल, पुस्तकाचं नाव, किती दिवस उशीर. आमच्या लिपिकाने ती यादी तशीच्या तशी पीडीएफ करून गटावर टाकली. खाली 'कृपया सहकार्य करावे' आणि दोन हात जोडलेले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. एकेकाला फोन करण्यात त्याची सकाळ जाते, ती वाचेल एवढाच हिशेब.

यादीत एकतीस नावं होती. मधेच कुठेतरी एका बाईंच्या नावापुढे दोन पुस्तकं. एक पाककृतींचं, दुसरं घटस्फोट आणि पोटगीच्या कायद्याची सोप्या भाषेत माहिती देणारं. त्याच गटात त्यांच्या सासरची माणसं आहेत.

मी पंधरा मिनिटांत यादी काढायला लावली. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढताना त्या पायरीवर उभ्या होत्या. दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली, दंड मोजून दिला आणि म्हणाल्या, "अनामत परत मिळेल का?" मी काही बोलायला गेले तर त्यांनी नुसती मान हलवली. पावती केली, पैसे दिले. अकरा वर्षांपासून सभासद होत्या.

कार्यकारिणीत विषय काढला तर उत्तर मिळालं, "पूर्वी आपण फलकावर थकबाकीदारांची नावं लावायचोच की!" लावायचो, खरं आहे. पण फलकावर नाव आणि रक्कम असायची. कोण काय वाचतंय ते नसायचं. आणि फलक वाचायला जिना चढून वर यावं लागायचं.

गेला महिनाभर मला एकच गोष्ट छळते आहे. संगणकाआधी आमच्याकडे तिकिटं होती. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते: जितकी पुस्तकं न्यायची मुभा तितकी छोट्या खिशासारखी तिकिटं प्रत्येक सभासदाकडे. प्रत्येक पुस्तकात त्याचा दाखल अंक, म्हणजे आमच्या नोंदवहीतला क्रमांक, लिहिलेलं कार्ड. पुस्तक नेलं की ते कार्ड सभासदाच्या तिकिटात सरकवायचं आणि परतीच्या तारखेमागे ट्रेमध्ये उभं करायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट सभासदाच्या हातात. झालं. मागे काहीही उरत नाही. तारीखपट्टीवर नुसते शिक्के, कोणासाठी मारले ते शिक्क्याला ठाऊक नाही. हिलाच ब्राऊन पद्धत म्हणतात, नीना ब्राऊन नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल बाईंवरून. गोपनीयतेसाठी म्हणून कोणी आम्हाला ती शिकवली नव्हती. काउंटरवर वेळ वाचतो म्हणून शिकवली होती. पण ती आपोआप विसरायची.

आताचं सॉफ्टवेअर काहीच विसरत नाही. संगणकीकरण झाल्यापासून कोणी काय नेलं ते सगळं एका क्लिकवर दिसतं, मला, लिपिकाला, आणि संगणक दुरुस्तीला येणाऱ्या मुलालाही. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, हिस्टरी काढली तर रिपोर्ट बिघडतील."

तर प्रश्न: तुमच्या वाचनालयात काय करता? नोंदी किती दिवस ठेवता? आणि कार्यकारिणीला हे समजावायचं कसं, कारण सगळे सज्जन आहेत आणि सगळ्यांना वाटतं की मी राईचा पर्वत करते आहे.

---

आजीचा चष्मा

त्या बाईंच्या जागी मी असते तर मीही अनामत मागितली असती.

पण पिंपळपान, एक सांगू? माझं वय चौऱ्याहत्तर. मला माझी यादी हवी असते! घरी येऊन वीस पानं वाचली की कळतं, अरे हे तर झालंय. म्हणून आम्ही भिशीतल्या तिघी-चौघी पुस्तकात खूण करून ठेवतो. माझी सतराव्या पानावर, आकड्याभोवती पेन्सिलीने गोल. दुसरीची चौतीसवर बारीक फुली. पुस्तक उचललं की आधी सतरा नंबरचं पान उघडायचं. ग्रंथपाल ओरडतात, आम्ही ऐकत नाही.

---

नानबा

मी एका वाचनालयाचा नऊ वर्षं कार्यवाह होतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. रागावू नका.

अनुदान वेळेवर येत नाही. पुस्तकं परत येत नाहीत. आठशे रुपयांचं पुस्तक नेऊन माणूस बदलीवर निघून जातो. फोन उचलत नाही. अशा वेळी चारचौघांत नाव आल्याशिवाय पुस्तक हलत नाही हा माझा अनुभव आहे. चूक झाली, मान्य, पुस्तकाचं नाव टाकायला नको होतं. पण म्हणून 'नोंदीच ठेवू नका' हे मला झेपत नाही. उद्या पुस्तकातली पानं फाडलेली निघाली तर शेवटी कोणी नेलं होतं हे कसं कळणार? आणि वाचनात लपवण्यासारखं असतं तरी काय? आमच्या वेळी काउंटरवर उभं राहून मोठ्याने विचारायचे, "काय हो, अजून दोन भाग राहिलेत ना?" आपुलकी होती ती.

---

पिंपळपान

नानबा, रागावण्यासारखं काही नाही, तुमचा अर्धा मुद्दा माझाच आहे. पुस्तक बाहेर आहे तोवर नोंद हवीच, त्याशिवाय मागणार कसं? परत आल्यावर महिनाभर ठेवा, फाटकं-तुटकं निघालं तर कळेल. त्यानंतर कशाला? २०२४ च्या पावसाळ्यात कोणी कुठलं पुस्तक नेलं होतं याचा मला आज काय उपयोग?

वार्षिक अहवालात देवघेवीचे आकडे द्यावे लागतात, नावं नाहीत. किती पुस्तकं गेली, किती सभासद आले. सॉफ्टवेअरवाला जे 'रिपोर्ट' म्हणतो तेही आकडेच.

आपुलकीचं म्हणाल तर, तीच आपुलकी एका वडिलांनी माझ्याकडे मागितली. मुलगी एकोणीस वर्षांची. "ती काय नेते ते जरा बघून सांगा, हल्ली गप्प असते." मी म्हटलं, तिलाच विचारा. त्यांना राग आला. तिकिटांच्या काळात मी खरोखरच सांगू शकले नसते. आता सांगू शकते आणि सांगत नाही, यात सगळा भार माझ्यावर येतो. माझ्या जागी उद्या दुसरं कोणी बसेल, ते काय करेल ते मला माहीत नाही.

---

ओपनसोर्स गणपा

'हिस्टरी काढली तर रिपोर्ट बिघडतील' ही शुद्ध थाप आहे. किंवा त्याने डेटाबेस इतका वाईट बांधलाय की खरंच बिघडतील. दोन्ही शक्य.

कोहा नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरून बघा. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, मराठी पुस्तकं त्यात नीट बसतात. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या छोट्या ग्रंथालय संस्थेने १९९९ मध्ये बनवून घेतलं, कारण त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडताच मान टाकेल अशी भीती होती. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.

तुमच्या कामाचं असं की त्यात 'अनामिक वाचक' नावाचा एक खोटा सभासद तयार करता येतो. पुस्तक परत आलं की ठरावीक दिवसांनी त्या व्यवहारावरचं खऱ्या सभासदाचं नाव काढून तिथे या अनामिकाचं नाव बसतं. पुस्तक किती वेळा गेलं, कधी गेलं, आकडा शाबूत. कोणी नेलं, ते गेलं. शिवाय सभासदाला स्वतः निवडता येतं: माझी यादी कायम ठेवा, ठरल्याप्रमाणे ठेवा, किंवा परत करताक्षणी पुसा. म्हणजे चष्मेवाल्या आजींना त्यांची यादी मिळेल आणि सतरावं पान सुटेल.

पण बटणं आपोआप चालू नसतात. बसवणारा नुसतं बसवून जातो. अनामिक वाचक ठेवला नाही आणि रोज रात्री आपोआप नावं काढण्याचं काम लावलं नाही तर कोहासुद्धा तुमच्या सध्याच्या सॉफ्टवेअरसारखंच सगळं जपून ठेवेल.

---

आजीचा चष्मा

पेन्सिलीचं काम तुम्हाला जमणार नाही गणपा, पण प्रयत्न करा. :)

---

काळा डगला

कायद्याचं थोडं.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. त्यातलं वाचनालयाशी संबंधित सूत्र साधं आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरा, काम संपलं की पुसा. सभासदाने मोबाइल नंबर तुम्हाला कळवण्यासाठी दिला, गावाला कळवण्यासाठी नाही. ती पीडीएफ या सूत्रात कुठेच बसत नाही.

गंमत म्हणजे हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे, किंवा कागदावरून डिजिटल केलेल्या. तुमच्या कपाटातल्या जुन्या रजिस्टरांना तो हातही लावत नाही. ते स्कॅन केलंत की लागू.

वडिलांच्या प्रश्नावर: मुलगी एकोणीस वर्षांची, प्रश्नच नाही. अठराच्या आतल्यांची माहिती घ्यायला मात्र आईबापांची संमती लागते. म्हणजे बालविभागाचे अर्ज पुन्हा बघा. संमती घेणं वेगळं आणि मूल काय वाचतं याचा हिशेब घरी पाठवणं वेगळं. कायदा दुसरी गोष्ट करायला सांगत नाही.

पोलिसांचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. तोंडी 'जरा यादी दाखवा' म्हटलं तर द्यायचं बंधन नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ठाणे अंमलदाराचा लेखी आदेश लागतो, नाहीतर न्यायालयाचं समन्स. आदेश आला तर जे आहे ते द्यावंच लागेल. नियमाप्रमाणे आधीच पुसलेलं असेल तर 'नाही' हे खरं उत्तर आहे. आदेश हातात पडल्यावर पुसलंत तर मात्र तो पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा होईल. म्हणून नियम आधी करा, ठरावाने करा आणि तारखेनिशी करा.

---

बर्फातला बगळा

टोरोंटोहून. मी ग्रंथपाल नाही, फक्त हावरा वाचक.

काळा डगला यांनी शेवटी जे लिहिलं त्याचं एक उदाहरण शेजारच्या देशात घडलं आहे. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत पेट्रियट अ‍ॅक्ट आला, सरकारला पाळत ठेवायचे जास्त अधिकार देणारा कायदा. २००५ मध्ये कनेटिकट राज्यातल्या ग्रंथालयांचं एक संयुक्त संगणकजाळं चालवणाऱ्या चौघा ग्रंथपालांकडे एफबीआयचं पत्र आलं. ग्रंथालयातला संगणक ठरावीक वेळी कोणी वापरला त्याची माहिती द्या, आणि असं पत्र आलं हे कोणालाही सांगू नका. घरीसुद्धा नाही. चौघे न्यायालयात गेले. खटला त्यांचा, पण नाव लावायची बंदी, स्वतःच्या सुनावणीला उघडपणे बसायची बंदी. २००६ मध्ये सरकारनेच माघार घेतली. तोवर तिथल्या अनेक ग्रंथालयांनी धडा घेतला होता: आपल्याकडे नसलेली गोष्ट कोणी मागू शकत नाही.

दुसरं, पोलीस सोडा, चोरांचं काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर टोळीचा सायबर हल्ला झाला. वीस बिटकॉइन मागितले. त्यांनी दिले नाहीत, तर जवळपास सहाशे गीगाबाइट माहिती टोळीने उघड्यावर टाकली, त्यात वाचकांचीही होती. लोकांना शोधता येईल अशी ग्रंथसूची परत यायला जानेवारी उजाडला. त्याच महिन्यात आमच्या टोरोंटोच्या वाचनालयावरही हल्ला झाला. कर्मचाऱ्यांची माहिती गेली, सभासदांचा डेटाबेस सुटला असं त्यांनी कळवलं. पण यंत्रणा इतकी बंद की परत आलेली पुस्तकं नोंदवता येईनात, म्हणून ती ट्रेलरमध्ये भरून ठेवली. कित्येक महिने. मी ग्रंथालयात जायचो तर काउंटरवरची बाई कागद-पेन्सिल घेऊन बसलेली. तुमची तिकिटं आठवली वाचताना.

ई-पुस्तकांत तर आणखी घोळ. इथे कागदी पुस्तक नेलं तर वाचनालयाला कळतं. ई-पुस्तक नेलं तर अ‍ॅपवाल्या कंपनीलाही. २०१४ मध्ये अडोबीचं ई-पुस्तक वाचायचं सॉफ्टवेअर वाचक कुठल्या पानावर आहे याच्या नोंदी कंपनीकडे पाठवत होतं, तेही कुलूप न लावता, साध्या मजकुरात. लोकांनी आरडाओरडा केल्यावर दुरुस्ती झाली. आजी, तुमचं सतरावं पान त्यांना आधीच माहीत होतं म्हणायचं.

---

अभ्यासिकेतला

सर्वजण पुस्तकांबद्दल बोलताय, आमच्याकडे वाचनालय म्हणजे अभ्यासिका. एमपीएससीवाले. पुस्तकं आमची, खुर्ची त्यांची.

प्रवेशाला काय काय मागतात: आधारची झेरॉक्स, दोन फोटो, पालकांचा नंबर, अंगठा. रोज येता-जाता अंगठा. डोक्यावर कॅमेरा, आणि मालकाच्या मोबाइलवर तो चोवीस तास दिसतो. मुलींच्या बाजूलाही. एकदा एका मैत्रिणीच्या घरी फोन गेला की 'तुमची मुलगी दुपारी अडीच ते पाच जागेवर नव्हती'. ती नेत्रतपासणीला गेली होती.

बोलायची सोय नाही, खुर्चीसाठी रांग आहे.

आधारच्या झेरॉक्सचं पुढे काय होतं ते विचारू नका. एकाच्या हातात भेळेचा कागद म्हणून आली होती म्हणतात, खरं-खोटं भेळवाल्याला ठाऊक.

---

काळा डगला

@अभ्यासिकेतला, ओळख पटवायला आधार दाखवणं पुरेसं असतं, झेरॉक्स ठेवून घ्यायची गरज नसते. द्यावीच लागली तर कागदावर आडवं लिहा, 'फक्त अमुक कामासाठी', तारीख घाला. आधारच्या संकेतस्थळावरून पहिले आठ अंक झाकलेली प्रतही काढता येते, ती द्या. कॅमेऱ्यात बघून पालकांना फोन करणं हा मालकाचा धंदा आहे, सुरक्षा नाही.

---

सहा ठिपके

मी जन्मापासून पाहू शकत नाही. धागा स्क्रीन रीडरवर ऐकला. सगळ्यांशी सहमत आहे, तरी थोडं वेगळं सांगायचं आहे.

तुम्ही ज्या खाजगीपणाबद्दल बोलताय तो मला तिसाव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हता. मला काहीही वाचायचं तर कोणीतरी वाचून दाखवायला लागायचं. आई, भाऊ, कॉलेजात मैत्रीण, नंतर स्वयंसेवक. बँकेचं पत्रसुद्धा. एखादी गोष्ट नको त्या जागी आली की वाचणारा खाकरायचा आणि दोन ओळी गाळायचा. मला कळायचं. ज्या दिवशी संगणकाने मला एक अख्खी कादंबरी कानात वाचून दाखवली आणि खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तो माझा पहिला खाजगी दिवस. मुद्दाम तीन प्रकरणं परत ऐकली.

म्हणून माझ्यासाठी 'पुस्तक मिळणं' आणि 'कोणाला न कळता वाचणं' या दोन गोष्टी नाहीत, एकच आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, आमच्यासारख्यांसाठी सुलभ प्रत करायला परवानगीची गरज उरली नाही. अंधांना सुलभ रूपातली पुस्तकं मिळावीत म्हणून मराकेश हा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो मंजूर करणारा भारत पहिला देश, २०१४ मध्ये. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू आहे. सुगम्य पुस्तकालय हे अशा सुलभ पुस्तकांचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. तिथे सभासद होताना अपंगत्वाचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त माहिती देऊनच मला आत जाता येतं, पण ते एक वेळ समजू शकते.

मराठीचं मात्र रडगाणं आहे. जुनी पुस्तकं स्कॅन करतात ती चित्रं म्हणून. डोळसांना अक्षरं दिसतात, माझ्या यंत्राला कोरं पान. नव्यांतली कित्येक युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेली, ती पीडीएफ उघडली की यंत्र इंग्रजी अक्षरांचा चिवडा वाचायला लागतं. 'आमचं वाचनालय डिजिटल झालं' अशी बातमी ऐकली की मी आधी हेच विचारते, अक्षरं आहेत की फोटो?

---

नानबा

सहा ठिपके, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'वाचनात लपवण्यासारखं असतं तरी काय' हे मी वर लिहिलेलं वाक्य मागे घेतो.

बाकी थकबाकीबद्दलचं म्हणणं कायम आहे.

---

जुनी दौत

इतक्या चांगल्या धाग्यात मी खडा टाकतोय.

मराठी मुलखातल्या वाचनालयांचा इतिहास हा माझा छंद. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर १८५० चं. पणजीचं राज्य ग्रंथालय तर १८३२ पर्यंत मागे जातं. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणून गावोगावी मोफत वाचनालयं उभी केली. या सगळ्याबद्दल संस्थापक कोण, इमारत कधी, देणगी किती हे भरपूर सापडतं. लोक काय वाचत होते हे जवळजवळ सापडत नाही. एखाद्या कारकुनाने कोणती कादंबरी तीनदा नेली, बायकांच्या नावावर पहिलं पुस्तक कधी गेलं, हे फक्त देवघेवीच्या वहीत असतं. आणि ती वही दर पिढीला रद्दीत जाते.

सगळं पुसलंत तर शंभर वर्षांनी आपल्या वाचनाबद्दल कोणाला काय कळणार? पुस्तकं खरेदी केल्याची बिलं तेवढी राहतील.

---

ओपनसोर्स गणपा

नाव काढा, व्यवसाय-वय-लिंग-वर्ष ठेवा. इतिहासाला पुरे.

---

जुनी दौत

गणपा, साडेतीनशे सभासदांच्या गावात 'शिक्षिका, वय ४२' म्हणजे नावच झालं. तुमची युक्ती मुंबईत चालेल, तालुक्यात नाही.

---

पिंपळपान

हे मला सुचलंच नव्हतं दौतकाका. खरं आहे, आमच्या गावात 'होमिओपॅथ, वय ५०' एकच आहे.

---

बांध्यावरची

एक विचारते. आमच्या गावच्या वाचनालयाला अनुदान आहे. मग कोणी माहिती अधिकारात सभासदांची यादी मागू शकतं का? निवडणुकीत एकाला हवी होती.

---

काळा डगला

वाचनालय त्या कायद्याच्या कक्षेत येतं की नाही हे अनुदानाच्या प्रमाणावर ठरतं. येत असलं तरी सभासदांचे नंबर ही वैयक्तिक माहिती, ती नाकारता येते. जमाखर्च, पुस्तक खरेदीची बिलं, ठरावांच्या प्रती हे मागितलं तर द्या, त्यात लपवण्यासारखं काही असू नये.

मात्र माझी एक कुरकुर ऐकून घ्या. २०२३ च्या याच डेटा कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदलून टाकलं. आधी सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी लागे, ते त्या कलमातच लिहिलेलं होतं. आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की दार बंद. जनहित जास्त असेल तर माहिती देता येते, हा कलम ८(२) चा वळसा उरला आहे, पण वळसा तो वळसा. त्यामुळे 'खाजगी, खाजगी' असं म्हणताना मी दचकतो. वाचकाचं खाजगी आणि खुर्चीवरच्या माणसाचं खाजगी एकाच तराजूत घातलं गेलं.

---

अभ्यासिकेतला

माहिती मिळण्यावरून आठवलं. 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेत जानेवारी २०२५ पासून तेरा हजारांच्या आसपास संशोधन नियतकालिकं खुली झाली, तीन वर्षांना सहा हजार कोटी. माझा भाऊ सरकारी विद्यापीठात, त्याला सगळं उघडतं. मी पदवी संपवून अभ्यासिकेत, मला काही नाही. सार्वजनिक वाचनालयात एक संगणक ठेवून तिथे उघडलं असतं तर? तालुक्याच्या डॉक्टरला, शेतकऱ्याला, मला. पैसे तर आपलेच गेलेत.

---

बर्फातला बगळा

+१. आणि त्या संगणकाची रात्री हिस्टरी पुसणारा एक माणूस.

---

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली, त्यातलं सांगते.

काळा डगला यांच्या मुद्द्यांवरून ठराव लिहून नेला होता. दीड तास गेला, त्यातला अर्धा तास रंगकामावर. मंजूर झालेलं असं: थकीत सभासदांना एकेकट्याला निरोप, त्यात पुस्तकाचं नाव नाही, फक्त 'आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे'. परत आलेल्या पुस्तकाची नोंद नव्वद दिवसांनी पुसायची. मी तीस मागितले होते, खजिनदार वर्षावर अडले होते. ज्यांना आपली यादी हवी त्यांनी तसं लिहून द्यायचं. कोहाबद्दल 'पुढच्या आर्थिक वर्षात बघू'. तोवर सॉफ्टवेअरवाल्याला पत्र गेलंय, त्याचं उत्तर नाही. लिपिकाला कोणी बोललं नाही याचं समाधान आहे. तो स्वतःच दोन दिवस गप्प होता.

अभ्यासिकेत कॅमेरे बसवायचंही त्याच बैठकीत मंजूर झालं. पाचास दोन.

राहिली जुनी रजिस्टरं. तिकिटांच्या आधी, सत्तरच्या दशकात, आमच्याकडे वहीत नावानिशी देवघेव लिहायचे. अशा चौदा वह्या निघाल्या. उघडल्या तर तिसऱ्याच पानावर माझ्या सासूबाईंचं नाव. लग्नाआधीचं, म्हणून आधी ओळखलं नाही. त्यांनी काय नेलं होतं ते वाचलं आणि मग आपण हे काय करतोय असं वाटून वही मिटली. त्या आता नाहीत. घरी मी कधी त्यांच्या हातात पुस्तक पाहिलं नव्हतं.

दौतकाका, वह्या रद्दीत दिल्या नाहीत. सुतळीने बांधून वरच्या फळीवर ठेवल्यात.

---

जुनी दौत

वाळवीचं औषध घाला. आणि कडुनिंबाचा पाला नको, त्याने डाग पडतात.

---

आजीचा चष्मा

काय नेलं होतं गं सासूबाईंनी?

---

पिंपळपान

नाही सांगत आजी.